सस्पेंड म्हणजे शेवट नव्हे : जोडीदाराचं निलंबन, गैरसमज आणि वस्तुस्थिती

एटापल्ली, भामरागड, कोरची, सिरोंचा या भागांत निलंबनाचा कागद घरी यायच्या आधी बातमी येऊन थडकते. आदेशाचा फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर पडतो, तिथून ग्रुपवर जातो आणि संध्याकाळपर्यंत सासर-माहेरचे फोन सुरू होतात. ज्याच्या नावाने आदेश निघाला, त्याच्या हातात अजून काहीच नसतं.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत या बातमीचा धक्का जास्त बसतो, त्याला कारण आहे. इथली शेती बहुतेक धानाची आणि पावसावर अवलंबून. त्यामुळे वनरक्षक, शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेविका, पोलीस शिपाई, एस.टी.चा वाहक, वेकोलिच्या कोळसा खाणीतला कामगार किंवा वीज केंद्रातला कर्मचारी यांच्या एका पगारावर बहुधा दोन-तीन चुली चालतात. तो पगार अडला की गावाकडचे आईवडील, नागपूरला शिकणारी पोरगी आणि पतसंस्थेचा हप्ता, सगळंच एकदम हलतं.

अशा वेळी ऐकीव माहितीवर घेतलेले निर्णय घराला फार महाग पडतात. म्हणून नवऱ्याचं असो की बायकोचं, निलंबन झालं की घराघरांतून जी वाक्यं ऐकू येतात, ती एकेक घेऊन नियम काय सांगतो ते पाहू.

गैरसमज 1 : “सस्पेंड केलं म्हणजे नोकरी गेली जी.”

वस्तुस्थिती : नोकरी गेलेली नसते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मध्ये निलंबन आणि शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम 4 निलंबनाचा आहे. शिक्षांची यादी नियम 5 मध्ये आहे : ठपका, वेतनवाढ रोखणे, नुकसानीची वसुली, पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे, बडतर्फी. या यादीत निलंबन नाही. चौकशी चालू असताना किंवा ती करण्याचं योजलं असताना माणसाला कामापासून दूर ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ. मालक-नोकर हे नातं निलंबनाने तुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये भारत गोल्ड माइन्सच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आणि ग्रामसेवकांना 1964 चे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम लागू होतात. पोलिसांचे नियम वेगळे, एस.टी. महामंडळाची कार्यपद्धती वेगळी, कोळसा खाणीतल्या कामगारांना स्थायी आदेश. म्हणून पहिलं काम हे, की आदेश शांतपणे वाचायचा आणि तो कोणत्या नियमाखाली निघाला ते शोधायचं.

आदेश बहुधा दीड-दोन पानांचा असतो आणि त्यात पाहायच्या गोष्टी चारच : नियमाचा क्रमांक, कारण, निलंबन काळातलं मुख्यालय आणि निर्वाह भत्त्याचा परिच्छेद. पाचवी गोष्ट आदेशात नसते, ती तुम्ही लिहायची : कागद प्रत्यक्ष हातात पडल्याची तारीख. पाकीटही जपून ठेवा, कारण अपिलाची मुदत त्या तारखेपासून मोजतात.

गैरसमज 2 : “काहीतरी केलंच असेल, उगाच कोण सस्पेंड करते?”

वस्तुस्थिती : आरोप सिद्ध झाल्यावर निलंबन होतं, असं नाही. अनेकदा दोषारोपपत्र तयार व्हायच्या आधीच ते झालेलं असतं. शिवाय काही निलंबनं आपोआप होतात : कर्मचारी 48 तासांपेक्षा जास्त पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत राहिला, तर नियमानेच तो निलंबित मानला जातो. प्रकरण कार्यालयाचं असो की घरगुती भांडणाचं, हा नियम सारखाच लागतो.

एस.टी.चं उदाहरण अजून ताजं आहे. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संप सुरू झाला. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आगारांतूनही गाड्या निघेनाशा झाल्या, आणि राज्यभरात दहा हजारांहून अधिक कर्मचारी निलंबित झाले. उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत रुजू होण्याची मुदत दिली, तेव्हा ही माणसं पुन्हा गाडीवर चढली. त्यांच्यातल्या कुणी तिजोरी फोडली नव्हती. मधले पाच-सहा महिने मात्र त्यांच्या बायकामुलांनी काढले ते उधारीवर आणि लोकांच्या नजरा झेलत.

याचा अर्थ प्रत्येक निलंबित माणूस निर्दोष असतो असा नाही. काही आरोप खरे ठरतात. पण ते ठरवण्यासाठी चौकशी असते, आणि तिच्या आधी घराने किंवा गावाने निकाल देऊ नये.

गैरसमज 3 : “आता एक रुपयासुद्धा मिळणार नाही.”

वस्तुस्थिती : निर्वाह भत्ता मिळतो आणि तो हक्क आहे. राज्य शासनाच्या 1981 च्या नियमांतला नियम 68 त्याबद्दल आहे. पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेवर जेवढं वेतन मिळालं असतं तेवढा भत्ता, त्यावर महागाई भत्ता, आणि अटी पाळल्या तर घरभाडे भत्ता पूर्वीच्या वेतनाच्या हिशेबाने.

आकड्यांत पाहू. समजा मूळ वेतन 40,000 रुपये, महागाई भत्ता 50 टक्के आणि घरभाडे भत्ता 4,000. कामावर असताना हे 64,000 होतात. निलंबनात 20,000 अधिक त्यावरचा महागाई भत्ता 10,000 अधिक घरभाडे 4,000, म्हणजे 34,000. तीन महिन्यांनंतर चौकशी कर्मचाऱ्याच्या दोषाशिवाय लांबली असेल, तर भत्त्यात त्याच्या निम्म्यापर्यंत वाढ करता येते : 30,000 अधिक 15,000 अधिक 4,000, म्हणजे 49,000. उलट चौकशी कर्मचाऱ्यानेच लांबवली असेल, तर भत्ता कमीही होऊ शकतो. ही वाढ बहुतेक ठिकाणी मागितल्याशिवाय मिळत नाही. चौथा महिना लागला की लेखी अर्ज द्या.

खाण आणि कारखान्यांतल्या कामगारांसाठी औद्योगिक कायद्यात पहिले 90 दिवस 50 टक्के आणि पुढे, विलंब कामगाराचा नसेल तर, 75 टक्के अशी तरतूद 1982 पासून आहे. खासगी अनुदानित शाळांच्या शिक्षकांची व्यवस्था निराळी. तिथे संस्थेने शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता घेऊन निलंबन केलं असेल, तर चार महिने भत्ता पगाराच्याच वाटेने येतो आणि नंतर तो संस्थेने द्यायचा असतो. पूर्वमान्यता घेतली नसेल, तर पहिल्या दिवसापासून संस्थेचीच जबाबदारी. कंत्राटी आणि मानधनावरच्या माणसांना मात्र ही नियमांची ढाल बहुधा नसते. त्यांच्या घराने करारनामा काढून वाचावा आणि संघटनेकडे लवकर जावं.

या भत्त्यामागे मोठी लढाई आहे. जुन्या मुंबई नागरी सेवा नियमांत, फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या कर्मचाऱ्याचं अपील चालू असताना त्याला महिना फक्त एक रुपया निर्वाह भत्ता द्यायची तरतूद होती. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. निर्वाहासाठी दिलेल्या पैशात निर्वाह झाला पाहिजे, हा साधा न्याय त्यातून कायम झाला.

गैरसमज 4 : “भत्ता आपोआप खात्यात येईल, आणि पतसंस्था तो सगळा कापून घेईल.”

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. भत्त्यासाठी दर महिन्याला एक प्रमाणपत्र द्यावं लागतं : या काळात मी दुसरी नोकरी, धंदा किंवा व्यवसाय केलेला नाही. हा एक कागद राहिला की बिल अडतं. आस्थापना शाखेत तो देऊन दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यायची सवय लावा. जोडीदाराने उचलावं असं हे सर्वांत उपयोगी काम आहे, कारण ज्याच्यावर आघात झाला त्याला त्याच कार्यालयाची पायरी चढणं जड जातं.

कपातींबाबत नियम असा, की प्राप्तिकर आणि शासनाची देणी कापली जातात. विम्याचा हप्ता आणि सहकारी पतसंस्थेचं देणं यांसाठी कर्मचाऱ्याची लेखी संमती लागते. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी निलंबन काळात घेतली जात नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात बँक आणि पतसंस्था यांच्याकडे आदेशाची प्रत घेऊन जा आणि हप्ता कमी करून किंवा पुढे ढकलून मागा. हप्ते थकल्यावर गेलात तर थकबाकीदार म्हणून जाल. आधी गेलात तर सभासद म्हणून ऐकून घेतील. आणि काही झालं तरी खासगी सावकाराकडे शेत गहाण टाकू नका.

गैरसमज 5 : “घरीच बसायचं आहे, तर गावी जाऊन शेती पाहू, नाहीतर दुकान टाकू.”

वस्तुस्थिती : निलंबन ही रजा नाही. आदेशात दिलेलं मुख्यालय परवानगीशिवाय सोडता येत नाही. या दोन जिल्ह्यांत ही अट फार जाचक होते. घर चंद्रपुरात आणि मुख्यालय सिरोंचा अशी वेळ आली, तर दोन घरांचा खर्च पडतो. गडचिरोलीहूनच सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर. अशा वेळी आजारी आईवडील, मुलांची परीक्षा किंवा दवाखाना यांचं कारण आणि पुरावा जोडून मुख्यालय बदलण्याची विनंती करता येते. न सांगता निघून जाणं म्हणजे नवा आरोप ओढवून घेणं.

पावसाळ्याचंही भान ठेवा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. चौकशीची तारीख त्याच दिवशी असेल, तर फोनवर कळवून थांबू नका. ई-मेल किंवा लेखी अर्जाने तारीख वाढवून मागा. नाहीतर गैरहजर म्हणून चौकशी एकतर्फी पुढे जाऊ शकते, आणि विलंबाचा दोष तुमच्या माणसावर येतो.

निलंबित व्यक्तीला धंदा करता येत नसला, तरी तिच्या जोडीदाराला कष्ट करायला बंदी नाही. शिवणकाम, खानावळ, शिकवणी, किराणा, जे जमेल ते करावं. मात्र कुटुंबातल्या कुणी व्यवसाय सुरू केला, तर कर्मचाऱ्याने ते कार्यालयाला कळवावं, अशी वर्तणूक नियमांची अपेक्षा आहे. व्यवसाय खरोखर जोडीदाराचाच असावा, हिशेब आणि खातं त्याच नावावर असावं.

गैरसमज 6 : “एकदा सस्पेंड झाला की वर्षानुवर्षं तसाच लटकतो.”

वस्तुस्थिती : पूर्वी असं फार व्हायचं. 16 फेब्रुवारी 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितलं, की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन त्यापुढे चालू ठेवू नये, आणि दिलं असेल तर मुदत वाढवण्यासाठी कारणं देऊन आदेश काढावा. महाराष्ट्र शासनाने 9 जुलै 2019 च्या शासन निर्णयाने हे आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वीकारलं. म्हणून निलंबनाचा नव्वदावा दिवस कॅलेंडरवर लाल शाईने खूण करून ठेवा.

पण एक्याण्णवाव्या दिवशी माणूस आपोआप खुर्चीवर जाऊन बसत नाही. निलंबन संपवण्याचा आदेश निघावा लागतो, आणि तो मागावा लागतो. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अभिवेदन, त्याने काम झालं नाही तर वरिष्ठांकडे अपील. निलंबनाच्या आदेशाविरुद्धही अपील करता येतं, त्याची मुदत साधारण 45 दिवसांची. शासकीय कर्मचाऱ्यासाठी पुढची पायरी म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं नागपूर खंडपीठ. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला विभागीय आयुक्त आणि मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ.

गैरसमज 7 : “एखाद्या पुढाऱ्याकडून फोन लावला की काम होते.”

वस्तुस्थिती : राजकीय किंवा बाहेरचं दडपण आणणं हेच वर्तणूक नियमांच्या विरुद्ध आहे. असं पत्र फाइलला लागलं, तर त्याचा उपयोग दुसऱ्या बाजूलाच होतो. “मी साहेबांना सांगतो, एवढे द्या” म्हणणारे मध्यस्थ तर निलंबनाच्या बातमीचा माग काढत दारात येतात. त्यांना दिलेल्या पैशाची पावती नसते आणि पैसे परत मिळत नाहीत. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे.

अर्ज ज्याचं निलंबन झालं त्यानेच, त्याच्या सहीने आणि योग्य मार्गाने करावा. नवऱ्यासाठी बायकोने साहेबांच्या बंगल्यावर जाऊन रडावं, अशी गळ घरातली मोठी माणसं घालतात. त्याने तिचा मान जातो आणि फाइल जागची हलत नाही.

गैरसमज 8 : “साथ द्यायची म्हणजे तक्रारदाराला गाठून तक्रार मागे घ्यायला लावायची.”

वस्तुस्थिती : हा सर्वांत घातक गैरसमज आहे. इथे तक्रारदार बहुधा गरीब गावकरी असतो : घरकुलाच्या हप्त्यासाठी पैसे मागितले म्हणणारा, आश्रमशाळेत शिकणाऱ्या मुलीचा बाप, तेंदूच्या मजुरीसाठी खेटे घालणारी बाई. त्याच्या घरी चार माणसं घेऊन जाणं म्हणजे धमकावणं, आणि तो वेगळा गुन्हा होऊ शकतो. आरोप खोटा असेल तर तो उलटतपासणीत आणि कागदांवर खोटा पाडायचा असतो.

जोडीदाराने एका संध्याकाळी दार लावून स्पष्ट विचारावं : यात खरं काय आहे? उत्तर कडू असलं तरी ऐकून घ्यावं. चूक झाली असेल, तर ती लपवण्यासाठी कागद फाडणं, रक्कम नातेवाइकाकडे हलवणं यात सामील होऊ नये. माणसाच्या पाठीशी उभं राहावं, चुकीच्या पाठीशी नाही.

गैरसमज 9 : “त्यापेक्षा राजीनामा देऊन मोकळं व्हावं.”

वस्तुस्थिती : रागाच्या भरात लिहिलेला राजीनामा सगळ्यात महागात पडतो. निवृत्तिवेतन नियमांनुसार राजीनाम्याने मागची सेवा जप्त होते, म्हणजे वीस वर्षांच्या नोकरीवरचा निवृत्तिवेतनाचा हक्कही जाऊ शकतो. शिवाय चौकशी चालू असताना राजीनामा स्वीकारला जाईलच असं नाही. निलंबनातच वयाची 58 वर्षं भरली, तरी तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळण्याची सोय आहे. उपदान (ग्रॅच्युइटी) मात्र चौकशी संपेपर्यंत अडतं.

गैरसमज 10 : “मुलांना कळू द्यायचं नाही, आणि घरातही विषय काढायचा नाही.”

वस्तुस्थिती : मुलांना शाळेत कळतंच, आणि तिथे ते वाईट शब्दांत कळतं. “बाबांच्या ऑफिसात चौकशी चालू आहे, ती संपेपर्यंत बाबा कामावर जाणार नाहीत, आपण खर्च थोडा जपून करू.” एवढं सांगितलं की त्यांना पुरतं.

मोठ्यांना हे मौन जास्त छळतं. वर्षानुवर्षं सकाळी सहाला बीटवर निघणारा वनरक्षक दिवसभर भिंतीकडे बघत बसला की झोप उडते, चिडचिड वाढते, काहींचा हात बाटलीकडे जातो. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. दारू पिताना सापडणं ही निलंबित माणसासाठी नवी आपत्ती ठरते. दिवसाला वेळापत्रक द्या : सकाळी चालणं, दुपारी फाइलचं काम, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. “आता जगून काय करू” असं बोलणं कानावर आलं, तर ते कधीही हलक्यात घेऊ नका, त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

बायको निलंबित झाली तर दुखणं दुपटीने वाढतं. शिक्षिका किंवा आरोग्यसेविका घरी बसली की “आता घरच सांभाळ” म्हणून लोक मोकळे होतात. तिची फाइलही तेवढ्याच नेटाने लढवायची आहे. कार्यालयात तिच्यासोबत जाणं, तारखेच्या दिवशी स्वयंपाक-मुलं सांभाळणं, हे नवऱ्याचं काम.

गैरसमज 11 : “कामावर परत घेतलं, म्हणजे सगळं मिटलं.”

वस्तुस्थिती : पुनर्स्थापनेनंतर दोन गोष्टी उरतात. चौकशी बहुधा पुढे चालूच राहते. आणि निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरायचा का, उरलेला पगार किती द्यायचा, याचा वेगळा आदेश 1981 च्याच नियमांतल्या नियम 72 प्रमाणे निघावा लागतो. निलंबन पूर्णपणे असमर्थनीय ठरलं, तर पूर्ण वेतन मिळतं. हा आदेश निघाला नाही, तर वेतनवाढ, पदोन्नती आणि निवृत्तिवेतन, सगळीकडे खोडा बसतो.

याच नियमात एक तरतूद आहे, जी अनेक विधवांना ठाऊक नसते. चौकशी पूर्ण व्हायच्या आत निलंबित कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, तर निलंबनापासून मृत्यूपर्यंतचा काळ कर्तव्यकाळ धरला जातो. दिलेला निर्वाह भत्ता वजा करून उरलेलं पूर्ण वेतन कुटुंबाला मिळतं. कुणाच्या घरी असं घडलं असेल, तर त्यांना हे आवर्जून सांगा.

नियमांच्या पुस्तकात निलंबन ही शिक्षा नाही. त्याला शिक्षेचं रूप येतं ते लांबलेल्या चौकशीने, थकलेल्या भत्त्याने आणि शेजारपाजारच्या बोलण्याने. भत्ता आणि चौकशी यांसाठी अर्ज आहेत, अपील आहे, न्यायाधिकरण आहे. बोलण्यावर अपील नाही. ते आपल्याच हातात आहे. म्हणून अशा घरी जाणार असाल, तर “काय केलं होतं हो?” असं विचारू नका. निर्वाह भत्ता सुरू झाला का, ते विचारा, आणि झाला नसेल तर उद्या त्यांच्यासोबत कार्यालयात जा.